काठावर काय आहे

सॉफ्टवेअर विचारतं, या कडेला काय आहे?
रात्रीचे पावणेबारा, चेंबूरचं ऑफिस,
एसी बंद झाल्यावर खिडकीतून आत येणारा रिफायनरीचा वास,
आणि माहुलच्या खाडीची दक्षिण बाजू
कर्सरखाली धरून मी बसलेली.

आतलं सोपं असतं.
जिथं जास्त तिथून जिथं कमी तिकडे, एवढंच समीकरण.
न ढवळलेल्या चहातली साखरही
कधीतरी वरच्या घोटापर्यंत पोचतेच.
भेसानिया सर म्हणायचे,
आतला कायदा सगळ्यांना सारखाच, डीकरी,
परीक्षानळी असो नाहीतर अरबी समुद्र.
तुझी खाडी तुझी होते ती काठावर.
आणि पेन्सिलीनं टेबल ठोकत,
काठ बोल. पयला काठ बोल.

पूर्वेला दगडी बांध. शून्य प्रवाह.
उत्तरेला नाला. तिथं ठरलेला आकडा,
रविवारी तेवढाच, दिवाळीत तेवढाच, मध्यरात्रीही तेवढाच.
कंपनीनं लेखी दिलाय.
लेखी दिलेलं मी मानते,
माझं बिलही तीच कंपनी भरते.

दक्षिण नंतर भरू म्हणून रिकामी ठेवली
आणि गणित लावून घरी गेले.

सकाळी पडदाभर लाल.
तीस दिवसांची खाडी काठोकाठ,
आलं ते आतच राहिलेलं,
जणू पलीकडे बंदर नव्हतंच कधी.
मदतीच्या पानावर बारीक अक्षरात
एक ओळ सापडली:
काही न सांगितल्यास ती कड भिंत समजली जाईल.

डोंबिवलीच्या भावाशी भांडण असं झालेलं नाही.
अकरा महिने कुणी काही सांगितलेलं नाही, इतकंच.

मग पुंडलिक वैतींच्या होडीत
मी नकाशा उलगडला, चार कोपऱ्यांवर चार शिसं ठेवून.
त्यांनी माझ्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं,
मग मान वर करून पाण्यात तीच रेघ शोधली.
"बाय, ही कड दिसातून दोन वेला माझे दारान येते
न दोन वेला परत जाते."
मग विचारलं, भायेर किती धरलाव?
शून्य, मी म्हटलं.
समुद्र मोठा, म्हणून शून्य. सगळे तसंच धरतात.
ते काही बोलले नाहीत.
जाळ्याचा एक पदर वर ओढून माझ्या मांडीवर टाकला.
सलवारीवरचा तो तेलकट डाग अजून निघालेला नाही.

भिंत नाही, शून्य नाही,
तिसरी एक अट असते, मिश्र:
किती सुटेल ते आतबाहेरच्या फरकावर
आणि एका गुणकावर, जो कुठल्याच तक्त्यात नव्हता.
नाल्याला फेस आला की जाळ्याचा वास
किती दिवस जात नाही, मी विचारलं.
तीन भरत्या, वैती म्हणाले. चौथीला कमी.
त्यावरून उलटं गणित मांडून
गुणक काढला, दशांशाच्या पुढे दोन घरं,
आणि अहवालात संदर्भाच्या रकान्यात लिहिलं:
पुं. वैती, माहुल कोळीवाडा, तोंडी.

कंपनीचा माणूस त्या रकान्यापाशी थांबला.
तोंडी म्हणजे काय, मॅडम?
मी म्हटलं, तुमचं लेखी आहे ना, तसंच हे तोंडी.

बाहेरचं शून्यही खोडलं,
खांबाजवळच्या बाटलीत भरून आणलेलं खरं पाणी घातलं.
गणित पुन्हा लावलं. या वेळी घरी गेले नाही.
अकराव्या दिवशीच्या भरतीला
दक्षिणेच्या आकड्यापुढे उणे आलं.
चूक वाटली म्हणून दोनदा तपासलं.
चूक नव्हती.
समुद्र परत करत होता.