पाण्याचा जिना

नाव विकली ती अकरा हजारांना, रोख,
आणि पोचवून द्यायची बोली:
कल्लोळहून मांजरीपर्यंत, पाण्यानं.
टेम्पोचं भाडं शांतव्वा खोतीण देईना, आप्पा मागेना.
म्हणून सोमवारी मी कारखान्यात रजा टाकली
आणि पहाटे नावेत ठेवलं
भाकरी, शेंगाचटणी, ताकाची बाटली,
आणि पेंटचं एक रिकामं डबडं, शिरलेलं पाणी उपसायला.

दूधगंगा कृष्णेला लागते तिथं
थोडा वेळ दोन रंग शेजारी शेजारी चालतात.
आप्पा म्हणाला, सोयरीक झालीय,
अजून बोलणं सुरू नाही.
काठाला मोटारींचे पाइप, पाइपांवर मालकांची नावं, लाल रंगात.
एकावर नुसताच मोबाईल नंबर,
शेवटचा आकडा गंजून गेलेला.
जलपर्णीत वल्हं अडकलं की आप्पा शिवी देतो
आणि लगेच नदीला हात जोडतो.

महांतेशनं, म्हणजे माझ्या भाच्यानं, तिकडून व्हिडिओ धाडला होता.
लांबट, अरुंद नाव, छपरावर फुलांच्या कुंड्या.
एक म्हातारी, एकटीच,
पाठ लावून लाकडाचा दांडा रेटते,
दार मिटतं, हौदात पाणी भरतं
आणि नाव उभ्या उभ्या वर येते,
तापल्या दुधावरच्या सायीसारखी.
आप्पानं तो चार वेळा बघितला.
मग विचारलं,
"वर चढलेलं पाणी खालच्या गावाला परत देतात का?"
मला माहीत नव्हतं.

साडेदहाला बंधारा.
वरच्या अंगाला पाणी काठोकाठ,
खालच्या अंगाला खडक, आणि खडकावर एक शेळी.
बर्ग्यांच्या फटींतून पिचकाऱ्या.
गेटवाला दुंडाप्पा गळ्यातली शिट्टी चाचपत आला,
"बर्गा काढायची ऑर्डर नाही."
"मागितली कुणी? माणसं दे."

माणसं जमली.
जाळंवाले दोघं, उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर,
बुलेटवरची दोन पोरं, म्हैस धुवायला आलेला एक, दुंडाप्पा स्वतः,
आणि आप्पा.
"ओंदु, एरडु" इथवर सगळे एक.
"मूरु"ला निम्म्यांनी उचललं,
निम्मे अजून "तीन"ची वाट बघत होते.
नाव कलंडली, डबडं पुलावरून गडगडत गेलं,
म्हैसवाला हसता हसता खालीच बसला.
दुसऱ्यांदा कुणी मोजलं नाही.
दुंडाप्पानं शिट्टी मारली.

सोळा पायांवर नाव पूल ओलांडू लागली.
इकडं उसाची गाडी थांबली, तिकडं दुधाचा टेम्पो.
तिचा तळ मी आज पहिल्यांदा उन्हात बघितला.
डांबरावर डांबर,
आणि मधोमध पत्र्याचं ठिगळ:
पुरात ती शाळेच्या छपराला घासली होती, तिथलं.
"फोटो काढ," आप्पा धापा टाकत म्हणाला,
"महांतेशला धाड. म्हणावं, आमचा जिना."
फोटोत नुसते पायच आले.

खाली पाणी गुडघाभर.
येडूरच्या घंटेपर्यंत मी ढकलत, आप्पा काठीनं रेटत.
पुढं पाणी खोल झालं.
बाभळीखाली भाकरी खाल्ली.
खंड्या एकदा बुडाला, रिकामाच वर आला.
चंदूर मागं पडल्यावर आप्पा बोलायचा थांबला.
मी कारखान्यातल्या गोष्टी सांगत राहिले,
वजनकाटा, नवा साहेब, असंच काहीबाही.

मांजरीला शांतव्वा विळा घेऊन काठावर उभी.
तिचा गवताचा मळा पलीकडं,
फुगवट्यानं वाट बुडाल्यापासून
रोज पुलावरून वळसा, डोक्यावर भारा.
तिनं नाव बघितली ती बाजारात म्हैस बघावी तशी.
फळी ठोकली, कड वाकवून बघितली,
एकदा खाली वाकून वाससुद्धा घेतला.
"गळते?"
"थोडी."
"थोडी म्हणजे किती?"
आप्पानं चेपलेलं डबडं तिच्या हातात दिलं,
"तासाला एवढी."
शांतव्वानं डबडं उलटं करून बघितलं
आणि पन्नास रुपये कापले.

परत बसनं. माझं तिकीट फुकट, आप्पाचं पुरं.
कंडक्टर सुटे मागत होता.
आप्पाची मूठ उघडेना,
वल्ह्याच्या मापाची तशीच राहिली होती.