सातवा बाइट

ओस्त्रावात, चौथ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर
कॉम्प्युटर उघडा पडलाय, फोडलेल्या फणसासारखा.
पंप पाणी ढकलतो, पंखा घरघरतो,
ल्युबोर वाचत बसलाय: दर सेकंदाला चौसष्ट बाइट.
कंपनीनं माहितीचा कागद दिला नाही.
चौथ्या पत्राला उत्तर आलं,
'आपला अभिप्राय आम्हांला मोलाचा आहे.'

मग मुक्याच्या घरी पाहुणा गेल्यागत
खुणांवर भागवायचं.
पंखा बोटानं अडवायचा, कुठला आकडा दचकतो बघायचं.
नळी मुठीत धरून ऊब द्यायची.
तिसरा चढला. म्हणजे हे पाणी.
एकतीस पूर्णांक चार.
कर्नलला पूर्णांक-बिर्णांक चालत नाही,
तो सोनारासारखा गुंजांत मागतो:
३१४००.

सातव्याचं काही कळेना.
पंखा थांबवला, एक.
पाणी तापवलं, एक.
केबल उपटून लावली, तरी एकच.
चाळा म्हणून तिथं शून्य लिहिलं
आणि पंप असा गप्प झाला
की शेजारणीचा खोकला ऐकू आला,
मग स्वतःची धडधड.
घाईनं एक परत लिहिला.

आतून वडील आले, अलोइस,
बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत वारा मोजलेले.
'अजून बोलत नाही?'
'बोलतो. एक अक्षर अडलंय.'
'आमच्याकडे एका बोळात वारा उलटा वाहायचा.
इंजिनियर आले, नकाशे आले.
मी वहीत लिहायचो: उलटा. कारण माहीत नाही.
दार उघडू नये.'
'मग?'
'मग काय. कुणी उघडलं नाही.'
पेला विसळून त्यांनी पालथा घातला.

पॅच दोनदा परत आलेला.
तपासणारी सिग्ने, तिकडे तुर्कूत, मोजकंच लिहिते:
एकाचे दोन करा.
अंदाज असेल तिथं अंदाज म्हणा.
आणि सातव्याचं काय?

ल्युबोरनं दोन तारकांच्या मध्ये टाकलं,
अर्थ माहीत नाही. नेहमी एक. बदलू नये.

तिसऱ्या खेपेला घेतलं.

आता पंखा पाण्याच्या तापावर चालतो,
रात्री तर जेमतेम.
तीन वाजता अलोइस अनवाणी, दारात.
खाणीतल्या माणसाला थांबलेला पंखा झोपेतही कळतो.
'बंद पडला?'
'हात धरा इथं.'
जाळीपाशी तळहात. बराच वेळ.
'सावकाश आहे,' म्हणाले,
'पण आहे.'