निम्मं सोलापूर

यांच्या वहीत तीन गाड्या आहेत.
प्रत्येकीपुढं सीसी, टाकी, अॅव्हरेज, किंमत,
आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलनं
मी.
माझं वजन यांनी अठ्ठावन्न लिहिलंय.
कुठल्या सालातलं, देव जाणे.

बत्तीस वर्षं चादरींच्या गठ्ठ्यांवर
यांनी गावं छापली.
कटक. सिलीगुडी. तेजपूर. जोरहाट.
पत्र्यात कापलेल्या अक्षरांवरून ब्रश फिरायचा,
गठ्ठा ट्रकमध्ये जायचा,
आणि हे सायकलवर घरी यायचे
जोरहाट नखांत घेऊन.
कारखान्याला कुलूप लागलं त्या रात्री
जेवता जेवता म्हणाले,
आता बघून येऊ, ही गावं खरंच आहेत का.

होटगी रोडच्या शोरूममध्ये एसी होता,
बाहेर चव्वेचाळीस.
बसवराज नावाचं पोरगं उंच गाडीचं कौतुक करत होतं,
डोंगर, वाळू, ओढा, कुठंही घाला,
सगळं यांच्याकडं बघून.
मी विचारलं, मागच्यानं धरायचं कुठं?
त्यानं यांच्या खांद्याकडं बोट केलं.
"बसून तर बघा की ओ, काकू."
बसले. गच्चीच्या कठड्यावर बसल्यागत.
पाय खाली काही शोधत राहिले
आणि हात आपोआप मांडीवर आले,
सूप धरल्यासारखे.
एवढी वर्षं विड्या वळल्यावर
कुठंही टेकलं तरी मांडीवर सूप असतंच.
पाठीचं मला कुणी शिकवू नये.

दुसरी बुलेट.
तिच्यावर हे फार रुबाबदार दिसले, खोटं का बोलू.
सात रस्त्याला एक फेरी मारून आलो.
गाडी थांबली,
गुडघे थांबेनात.

लग्नापासून मी एका बाजूनं बसत आले,
आधी लूनावर, मग स्कूटरवर,
पदर चाकात जाऊ नये म्हणून मुठीत.
त्यामुळं मला सोलापूर निम्मं निम्मंच भेटलं.
जाताना डावीकडची दुकानं,
येताना उरलेली.
घरी येऊन दोन्ही जोडून घ्यायची,
चादरीचे दोन पट्टे शिवावेत तशी.

पण जोरहाटहून परत यायचा रस्ता वेगळा आहे म्हणे.
मग उजव्या हाताचा एवढा मुलूख
यांचा एकट्याचा?

त्याच दिवशी अशोक चौकात ड्रेस शिवायला टाकला.
सुगंधानं टेप गळ्यात घालून विचारलं, "नातीचा का, अत्ता?"
"माझा. सलवार सैल ठेव."

तिसरी दस्तगीरभाईंच्या गॅरेजात कोपऱ्यात होती,
बँकेतल्या कुणा साहेबांची, रंग विटलेला,
बुटकी, रुंद सीटची,
मागं धरायला लोखंडी कडं.
हे नाक मुरडून म्हणाले, चढाला दम टाकेल.
मी पुढं बसले. हँडल धरलं.
म्हटलं, तुम्ही बसा बघू मागं.

पोरांचे पाने हातातच राहिले.
हे बसले. हात ठेवायचे कुठं ते कळेना,
आधी स्वतःच्या गुडघ्यांवर,
मग नुसतेच हवेत,
मग चाचपडत सापडलं ते कडं.
माझ्या अंबाड्यापलीकडं त्यांना काही दिसत नसावं.
"पुढचं दिसत नाही गं," असं म्हणालेसुद्धा.
मी म्हटलं, हो.

दस्तगीरभाईंचा चहा संपेपर्यंत
कुणी उतरलं नाही.

मग वही निघाली.
"तुझं वजन किती?"
"बासष्ट."
खोडरबर नव्हतं. थुंकी लावून बोटानं पुसलं,
आकडा काळा झाला, वर नवा लिहिला.
"मागचे शॉकअप बदलावे लागतील," दस्तगीरभाई म्हणाले,
"गुरुवारी न्या."

गुरुवारी नळाला पाणी येतं.
शुक्रवारी, मी म्हटलं.