दोन सूत

नोव्हा स्कोशाच्या या टोकाला नोव्हेंबरात
चार वाजताच दिवे लावावे लागतात.
चर्चच्या तळघरात आम्ही नऊ बायका,
तेलावरची शेगडी, काकवीची बिस्किटं,
आणि लांब टेबलावर तीस चौकोन,
अग्निशमन दलाच्या सोडतीतल्या गोधडीसाठी.

चौकोन साडेबारा इंचांचा लागतो.
शिवल्यावर बाराच उरतो.
चहूकडून पाव पाव इंच
शेजारच्याशी जोडून घेण्यात जातो.
नव्या मुलींना मी पहिल्या दिवशीच सांगते,
इथे हात आखडता घ्यायचा नाही,
नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडी उसवते.

माप माझ्याकडे असतं.
सासऱ्यांची लाकडी पट्टी,
दोरखंडाच्या दुकानाचं नाव पुसत आलेली.
मापात पाप नको. मला एवढाच धर्म कळतो,
पाद्रीबाबांना वाईट वाटलं तरी.
मर्टलचा चौकोन आटलेला निघाला,
भोवती निळं कापड लावून वाढवला.
डेल्फीनचा एका कोपऱ्यात कललेला,
उसवायला लावला, दोनदा.
एथेलीनचे हात आता कापतात,
तिचा मी रात्री घरी नेला,
सगळीकडून नवा काठ दिला
आणि तिला काही बोलले नाही.

मग पोस्टानं ओटिलीचा आला.
ओटिली माझी नणंद.
बोटीची वाटणी झाली त्या वर्षापासून
सास्काचेवानला असते, समुद्रापासून जमेल तितकी लांब.
तिचं माझं सूत कधी जमलंच नाही.
सोबत पत्र नव्हतं.
वर्तमानपत्राच्या घडीत आठ टोकांचा तारा,
विटकरी आणि मोहरीच्या रंगाचा,
एकेक टोक सुईसारखं.
पट्टीला लावून पाहिला तर
दोन सूत मोठा.

"हिला सगळंच थोडं जास्त लागतं," मी म्हणाले.
कुणी हसलं नाही.
कात्री घेतली.
प्रत्येक कडेनं एक सूत, सरळ, न थांबता.
हात माझा चांगला आहे.
टोकं बोथट होणार हे दिसत होतं,
शिवणीत जातील, म्हटलं.

गुरुवारी मर्टलचा नातू
टेबलाच्या कोपऱ्यावर गृहपाठ घेऊन बसला.
त्याची प्लास्टिकची पट्टी
माझ्या पट्टीला खेटून पडली होती.
"हिचं टोक गेलंय," तो म्हणाला,
जसं कुणाच्या कुत्र्याबद्दल म्हणावं, हा लंगडतोय.

खरंच गेलं होतं.
शून्य होतं तिथे आता नुसतं गुळगुळीत लाकूड.
आधी सासऱ्यांनी होडीच्या फळ्यांवर,
मग मी अठ्ठावीस वर्षं या टेबलावर
पहिले दोन सूत झिजवून टाकले होते.
म्हणजे मी छाटलेले, वाढवलेले, परत पाठवलेले
सगळे चौकोन सारखेच चुकलेले,
म्हणून तर एकमेकांशी इतके छान जुळणारे.
आणि एवढ्या लांबून आलेला तिचा
तेवढा बरोबर.

कचऱ्याच्या डब्यात चहाच्या पिशव्यांखाली
सापडल्या कातरलेल्या चिंध्या, विटकरी, मोहरी.
धुतल्या, इस्त्री केली, माझं मलाच हसू आलं.
एक सूत रुंदीचं कापड कशालाच जोडता येत नाही.
शिवायला घेतलं की सगळं शिवणीतच संपतं.

तारा तिसऱ्या ओळीत बसवला.
गोधडी हबर्ड्स गावच्या एका ट्रकवाल्याला लागली.
त्यानं ती खांद्यावर टाकली आणि विचारलं,
यंत्रात धुतली तर चालेल ना.

ओटिलीला लिहिलं, तुझा चौकोन नीट बसला.
खोटं नाही ते.
खाली अर्धं पान कोरं राहिलं,
त्यावर दोनदा पेन टेकवलं.
पाकीट अजून बंद केलेलं नाही.

पट्टी टाकवली नाही.
आता मी एक इंचाच्या रेघेपासून मोजते
आणि येईल त्यातून एक वजा करते.
कधी कधी वजा करायचं राहून जातं.