लाभापुरती

पिंगुळकर गेले त्या वर्षी
मुकादमांनी भागीदारी पत्रात
त्यांच्या जागी त्यांच्या मुलीचं नाव घातलं,
कुणाला न विचारता, प्रेमाने.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
मुकादम पिंगुळकर स्प्रिंग वर्क्स.
तेहतीस टक्के शलाका.
अकरावी कॉमर्स. जांभळ्या जेल पेनने सही,
शेवटच्या 'र'ला लांब शेपूट.

मी तेव्हा त्यांचं काम बघत नव्हते.
माझ्याकडे आली ती थेट नोटीस:
अज्ञान व्यक्ती पूर्ण भागीदार होऊ शकत नाही,
सबब पत्र अवैध,
सबब भागीदारांचं व्याज, पगार, सगळी वजावट अमान्य.
'अज्ञान'वर मुकादमांचं बोट थांबलं.
"पोरीला ब्याण्णव टक्के पडलेत, मॅडम."
कायद्यात अठराच्या आतले सगळेच अज्ञान, म्हटलं.
"अस्सं. मग आमचं कधी सुटलं?"

दुसऱ्या दिवशी सुरवे,
तिसरे भागीदार, बोलतात कमी,
जुन्या तारखेचा स्टॅम्पपेपर घेऊन आले कोर्टनाक्यावरून,
वर्तमानपत्रात गुंडाळून, मासळीसारखा.
मी चहा मागवला. पुडकं उघडलं नाही.
चूक झाली तिथेच राहू द्या,
आपण पुढचं पान लिहू.

पुढचं पान महाग पडलं.
दोन वर्षांचा कर, वर व्याज.
कॉइलिंग मशीनची ऑर्डर रद्द, बयाणा बुडाला.
नव्या पत्रात मी टाइप केलं:
कु. शलाका हिला भागीदारीच्या केवळ लाभापुरतं
सामील करून घेण्यात येत आहे.
नफ्यात हिस्सा. देण्यांसाठी ती स्वतः जबाबदार नाही.
मुकादमांनी वाक्य दोनदा वाचायला लावलं.
"असं आपल्याला कुणी कधी घेतलं होतं का हो, सुरवे?"
सुरवे खिडकीतून टेम्पो बघत होते.

यंदा एप्रिलात ती अठराची झाली.
आता सहा महिने.
हो म्हण किंवा नाही म्हण, जाहीर सूचना देऊन.
"गप्प बसले तर?"
तर हो.
"आणि हो म्हणजे?"
सामील झालीस त्या दिवसापासूनची देणी तुझीही.
ती पेनचं टोपण काढत-घालत राहिली.
"मशीन रद्द झालं, ते कशात धरतात?"
ते कशातच धरत नाहीत, म्हटलं.

जाताना तिने पहिलं पत्र मागितलं, अवैध ठरलेलं.
मूळ प्रत फाइलला लागते, झेरॉक्स दिली.
जांभळी सही काळी आली.

तेव्हापासून रोज सकाळी मी ते पान बघते:
हरवलेली शेअर सर्टिफिकेटं, बदललेली नावं,
सदनिकेवर कुणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत कळवावे.
तिचं काही नाही.

काल मुकादमांचा फोन. जीएसटीचं बोलून झालं.
"किती दिवस राहिले, मॅडम?"
अकरा.
मागे जुनं मशीन तार ओढत होतं.
"तिला फोन नका करू," म्हणाले,
आणि ठेवला नाही.