घर गेल्यावरची जमीन

मार्चमधल्या एका शनिवारी
एदेल्मिराचं घर निघून गेलं.
आमच्या चिलोए बेटावर घरं कधीकधी अशी चालू लागतात:
बैलांच्या आठ जोड्या, मनगटाएवढा दोर,
ओंडक्यांवरून घसरणाऱ्या लाकडी भिंती,
आणि खिडकीत विसरलेला एक निळा मग,
जो वरच्या रस्त्यापर्यंत पडला नाही म्हणे.
मीही दोराला हात लावला, सगळ्यांबरोबर जेवले,
आणि परसात परतले तर
कुंपणापलीकडे एवढं आकाश.

एप्रिल.
माझ्या कोबीला आयुष्यात पहिल्यांदा
दुपारी तीननंतरचं ऊन मिळालं.
गड्डे असे भरले की मलाच लाज वाटली.

तिच्या बाजूला उरला एक चौकोन.
इथे, जिथे दोरीवरचा टॉवेल आठवडाभर सुकत नाही,
तिथे एकसष्ट वर्षं न भिजलेली माती.
पाऊस पडला तरी पाणी वरच थांबलं,
धुळीवर गोळ्या गोळ्या होऊन,
ओळख न पटलेल्या पाहुण्यासारखं.
पाचव्या दिवशी कुठे ते आत गेलं.
वर आली तीन बटणं, शिंपल्यांचा चुरा,
आणि माझाच एक चमचा.

मे महिन्यात लसूण लावली.
किनाऱ्यावरचं शेवाळ आधी पावसात धुऊ द्यायचं,
मीठ गेलं की मगच वाफ्यात.
जून: पाच वाजताच चूल.
जुलै: लिहिण्यासारखं काही नाही. गोगलगायी.

ऑगस्टमध्ये चुकाओ ओरडू लागला.
उजवीकडून ओरडला तर बरं, डावीकडून ओरडला तर वाईट,
असं आई सांगायची.
तो नेमका त्या चौकोनाच्या कडेला बसतो,
म्हणून मी आता ऊन पाठीवर घेऊन
दक्षिणेकडे तोंड करून खणते.
वाफे जरा तिरके झालेत.

मग नोव्हेंबर.
चौकोनात, जिथे तिचं स्वयंपाकघर होतं,
काळपट जांभळी पानं.
फळ्यांच्या फटीतून खाली पडलेले बटाटे
कुणाला न विचारता उगवले होते.
ते वाकडे, आतून जांभळे, तिच्या आजेसासूचे.
ते बियाणं मी दोनदा मागितलं होतं.
दोन्ही वेळा ती म्हणाली,
"यंदा कमीच आहे गं, नोल्फा."

कुंपणाची एक पट्टी तशीही सैल होती.
दर रविवारी मास सुटल्यावर
मी आत जायची, भर घालायची,
कुदळ आपटणार नाही इतक्या हळू.
टिटव्या मात्र गावभर बोंब मारायच्या.

जानेवारीत तिच्याकडे लसणाची वेणी घेऊन गेले.
नव्या जागी खिडकीतून समुद्र दिसत नाही,
बसथांबा दिसतो.
निळा मग टेबलावर होता.
"माझ्या जागेवर काय उगवलंय?" तिने विचारलं.
मी म्हटलं, गवत.

पुन्हा मार्च आला. जमीन उकरली.
बादली भरली, आणि अजून अर्धी.
रात्रभर दोन्ही दाराशी ठेवून मी
काय करू, काय नको करत बसले.
सकाळी भरलेली तिच्या पायरीवर नेऊन ठेवली.

एदेल्मिराने वाकून एक उचलला,
अंगठ्याने माती पुसली.
"गवत छान आलंय," म्हणाली.
मग निवडून निवडून चार बटाटे
माझ्या कोटाच्या खिशात कोंबले,
भरपूर डोळे असलेले.