ड्रायव्हर उतरला नसन

रात्रीचे पावणेदोन. जिनिंगच्या धर्मकाट्यावर
सर्व्हर म्हणतो: डिस्क भरली, जागा शून्य.
मी फोल्डर न् फोल्डर मोजला,
बेरीज अर्ध्यावरच थांबते.

मडावीकाका चहा घेऊन आले.
"काहून बाप्पा, वजन जुयत नाही?"
"नाही ना."
"मंग केबिनमंदी पाय. ड्रायव्हर उतरला नसन."

संध्याकाळी मीच पुसलेली लॉग फाइल.
नाव यादीतून गेलं होतं,
पण काट्याचा प्रोग्राम तिला दिवाळीपासून धरून बसलेला,
निनावी पानावर अजून लिहीत होता
कापसाची एकेक गाडी.

प्रोग्राम बंद केला. पुन्हा चालू.
जागा परतली.

काका कप ठेवून काट्यावर चढले.
स्क्रीनवर साठ किलो.
"आता बरोबर," म्हणाले,
आणि उतरले नाहीत लगेच.